मंडलाला द्यावयाचा ठोका

विद्युत् मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकाकडून गणिताने वर्तवून घ्यावयाचे, ह्या पद्धतीस सदृशीकरण असे म्हणतात. ह्यासाठी संगणकाला दोन प्रकारची माहिती पुरवावी लागते. मंडलात कोणते रोधक, कोणती धारित्रे व कोणते ट्रॅन्झिस्टर कोठे जोडले आहेत, ही पहिली. ती उत्पादकांच्या माहितीपत्रकांत बरीचशी छापलेली असते. दुसरी माहिती मंडलाच्या दाराशी येणाऱ्या संकेताविषयीची. हा संकेत किती उंच आहे, किती वेळाने पुन्हा येतो, चढताना किती वेळ घेतो, उतरताना किती, आणि तो कोणाच्या हातून येतो, ह्यांविषयी कोणतेही माहितीपत्रक नसते. ही माहिती आरेखकाने स्वतः ठरवावयाची असते, आणि बहुधा ती घाईघाईने ठरविली जाते. आठवडाभर खपून मंडल रचावे आणि शेवटी त्याच्या तोंडाशी हाताशी असलेला एखादा ज्यातरंग जोडून द्यावा, असा प्रकार सर्रास आढळतो. संगणक त्यावरही बिनतक्रार उत्तर देतो. ते उत्तर गणित म्हणून अचूक असते; प्रत्यक्षात कधी न येणाऱ्या संकेताला दिलेले असल्यामुळे कामाचे मात्र नसते.

आजच्या विवेचनासाठी हृदयाच्या विद्युत् संकेताचे उदाहरण निवडले आहे. ई.सी.जी.च्या कागदावरील रेषा येथे जमलेल्या बहुतेकांनी पाहिलेली असेल. हा संकेत आवर्ती आहे. त्याचा आकार ज्यातरंगापासून फार दूर आहे. आणि तो घेणाऱ्या मंडलाने थोडी जरी लबाडी केली, तरी निरोगी माणसाच्या कागदावर रोगाची खूण उमटू शकते. ही शेवटची गोष्ट पुढे आकड्यांनिशी दाखविता येईल.

प्रथम साधनाविषयी थोडे. मंडलांच्या सदृशीकरणाचा सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे 'स्पाइस'. तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत तयार झाला. रोनाल्ड रोहरर ह्या प्राध्यापकांच्या वर्गात १९६९-७० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी एक कार्यक्रम लिहिला होता. त्यातून पुढे लॉरेन्स नेगल ह्यांनी डोनाल्ड पेडरसन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस सिद्ध केला, आणि १९७३ साली कॅनडातील वॉटर्लू येथे भरलेल्या परिषदेत तो विद्वानांपुढे ठेवण्यात आला. १९७५ साली त्याची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती निघाली. कार्यक्रम फोरट्रान भाषेत होता व मंडलाचे वर्णन छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यावर द्यावे लागे. कार्डे केव्हाच गेली. पण मंडलाच्या वर्णनाला इंग्रजीत अजूनही गठ्ठा ह्याच अर्थाचा शब्द वापरणारे जुने अभियंते भेटतात. पेडरसन ह्यांनी हा कार्यक्रम कोणालाही मोकळेपणाने मिळावा असा आग्रह धरला. त्यामुळे तो जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला, आणि आज वापरात असलेले बरेचसे कार्यक्रम, ते विकत घेतलेले असोत की फुकट मिळालेले असोत, त्याच्याच वंशातील आहेत.

ह्या वंशाबरोबर एक छोटीशी पेटीही वारशाने आली आहे. संकेत निर्माण करण्यासाठी स्पाइसने पाच आकार दिले होते: स्पंद, ज्यातरंग, घातीय चढउतार, कंप्रता बदलणारा ज्यातरंग, आणि तुकड्यातुकड्यांनी जोडलेली सरळ रेषा. पाचव्या प्रकारात आरेखकाने काळ आणि दाब ह्यांच्या जोड्या लिहून द्यावयाच्या व संगणकाने लागोपाठच्या बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढावयाची. दिसावयास हा प्रकार सर्वांत गावठी आहे. प्रत्यक्षातील संकेताच्या सर्वांत जवळ जाण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्यातच आहे.

तरीही आरेखकाचा हात सवयीने ज्यातरंगाकडे जातो. ह्या सवयीमागे मोठी परंपरा आहे. कोणताही आवर्ती आकार ज्यातरंगांच्या बेरजेने मांडता येतो, हा विचार जोझेफ फूरिये ह्यांनी १८०७ साली पॅरिसमधील विद्वत्सभेपुढे उष्णतेविषयीच्या निबंधात मांडला. परीक्षकांपैकी लाग्रांज ह्यांना तो पटला नाही, आणि फूरिये ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८२२ साल उजाडले. विचार खरा ठरला. त्यावरून अभियंत्यांनी असा सोयीचा निष्कर्ष काढला, की मंडलाची प्रत्येक कंप्रतेला निरनिराळी परीक्षा घेतली म्हणजे सर्व आकारांची परीक्षा आपोआप झाली. मंडलाची वागणूक रेषीय असेल आणि परीक्षेत उंचीबरोबर कलाही, म्हणजे तरंग किती पुढे वा मागे सरकला हेही, पाहिले असेल, तर हा निष्कर्ष योग्यच आहे. व्यवहारात उंची पाहिली जाते आणि कला विसरली जाते.

बेरजेच्या मार्गाने संकेत रचण्यातही अडचण आहे. हृदयाचा ठोका सुमारे ०.८३ सेकंदाने पुन्हा येतो असे धरले, तर मूळ कंप्रता १.२ हर्ट्झ होते. निदानासाठी वापरावयाच्या ई.सी.जी. यंत्राने १५० हर्ट्झपर्यंतचे घटक दाखवावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे ह्या बेरजेत १२५ ज्यातरंग यावयास हवेत, आणि प्रत्येकाची उंची व कला निरनिराळी. इतके करूनही जेथे आकारात एकदम उडी आहे तेथे बेरीज तिच्या पलीकडे झेप घेते. कितीही तरंग मिळविले तरी ही जादा झेप उडीच्या सुमारे ९ टक्के राहतेच. फक्त ती उडीच्या अधिकाधिक जवळ सरकते. विल्ब्रॅहम ह्यांनी हे १८४८ सालीच दाखविले होते, पण ते विस्मृतीत गेले. पुढे १८९८ साली, ८० ज्यातरंगांची यांत्रिक बेरीज करणारे यंत्र स्ट्रॅटन ह्यांच्यासह बांधणाऱ्या मायकेलसन ह्यांनी 'नेचर' नियतकालिकात ह्या बेरजेविषयी शंका उपस्थित केली, आणि १८९९ साली विलर्ड गिब्ज ह्यांनी त्याच नियतकालिकात तिचा उलगडा केला. ह्या झेपेला आज गिब्ज ह्यांचे नाव आहे. विल्ब्रॅहम ह्यांच्या वाट्याला इतिहासातील एक टीप आली. सांगावयाचे ते इतकेच, की बेरजेने रचलेला चौकोनी तरंग मंडलाला दिला आणि उत्तरात लहरी दिसल्या, तर त्या मंडलाच्या की संकेताच्या, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

आता प्रत्यक्ष हृदयाकडे वळू. माणसाच्या हृदयाचा विद्युत् आलेख शरीराच्या पृष्ठभागावरून प्रथम १८८७ साली लंडन येथे ऑगस्टस वॉलर ह्यांनी घेतला. त्यांचे उपकरण म्हणजे काचेच्या बारीक नळीतील पारा व आम्ल ह्यांच्या सीमेची हालचाल दाखविणारा विद्युत्-मापक. पारा जड असल्याने ही सीमा संकेताच्या मागे रेंगाळे, आणि कागदावर उमटे ती हृदयाची रेषा पाऱ्याच्या आळसाने गोलावलेली असे. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन ह्यांनी ह्या आळसाचे गणित मांडले, आणि १८९५ साली उमटलेल्या रेषेवरून मूळ संकेत कसा असला पाहिजे तो गणिताने परत काढला. दुरुस्त केलेल्या रेषेवरील लाटांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली, आणि तीच आज जगभर चालतात. म्हणजे वैद्यकात रोज उच्चारली जाणारी ही नावे प्रथम गणिताने परत मिळविलेल्या एका तरंगाला मिळाली! पुढे १९०१ च्या सुमारास आइन्थोव्हेन ह्यांनी तंतू-गॅल्व्हानोमापक तयार केला. त्यातील चांदीचा मुलामा दिलेला अतिसूक्ष्म तंतू इतका चपळ होता, की ह्या दुरुस्तीची गरजच राहिली नाही. आणि त्याने काढलेली रेषा पूर्वीच्या गणिताशी जुळली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आइन्थोव्हेन ह्यांच्यापुढील प्रश्न उमटलेल्या रेषेवरून संकेत ओळखण्याचा होता. सदृशीकरण करणाऱ्याचे काम उलट दिशेने चालते: संकेत ठाऊक आहे असे धरून उमटणारी रेषा वर्तवावयाची. म्हणून तो संकेत कोणत्या आकड्यांनी लिहावा, हे पाहू. निरोगी प्रौढाच्या एका ठोक्याचे ठोकळ चित्र असे देता येते. आरंभी दाब शून्य. पी लाट ०.०४५ सेकंदाला ०.१२ मिलिव्होल्टवर पोहोचते आणि ०.०९ सेकंदाला शून्यावर येते. ०.१५ सेकंदापर्यंत रेषा सपाट. ०.१६५ ला क्यू लाट उणे ०.१ मिलिव्होल्ट, ०.१९ ला आर लाट १ मिलिव्होल्ट, ०.२१५ ला एस लाट उणे ०.२, आणि ०.२३ ला पुन्हा शून्य. तेथून ०.३२ सेकंदापर्यंत जी सपाट रेषा आहे तिला एस-टी खंड म्हणतात; तिच्याकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष ठेवावे. मग टी लाट सावकाश चढत ०.४२ सेकंदाला ०.३ मिलिव्होल्टवर जाते व किंचित घाईने उतरून ०.४९ ला शून्यावर येते. ०.८३ सेकंदापर्यंत विश्रांती, आणि तेथून पुन्हा पहिल्यापासून. जेमतेम बारा जोड्यांत हृदय लिहून होते. बर्कलेच्या मूळ कार्यक्रमात अशी रेषा एकदाच धावून संपे. नंतरच्या बहुतेक आवृत्त्यांत ती पुन्हा पुन्हा फिरविण्याची सोय आली. फिरविताना शेवटच्या बिंदूचा दाब पहिल्या बिंदूच्या दाबाइतकाच असला पाहिजे. तो नसेल तर प्रत्येक फेरीत सांध्यावर एक उडी तयार होते, आणि हृदयात कोठेही नसलेला एक सहावा झटका मंडलाला दर ठोक्याला बसतो.

ह्या रेषेला कोपरे आहेत. खऱ्या हृदयाला नाहीत. साध्या विवर्धकाला ह्याचे फारसे सोयरसुतक नसते. पण ठोके मोजणाऱ्या मंडलात बहुधा उताराचे मापन करणारा भाग असतो, आणि त्याला प्रत्येक कोपरा म्हणजे उतारातील एक पायरी वाटते. अशा वेळी रेषा मंडलाला देण्यापूर्वी एक रोधक व एक धारित्र ह्यांच्या छोट्या गाळणीतून काढावी. तिचा कालस्थिरांक, म्हणजे रोधक आणि धारित्र ह्यांच्या मूल्यांचा गुणाकार, एक मिलिसेकंदाइतका ठेवला तर कोपरे गोलावतात आणि आर लाटेची उंची जवळजवळ तशीच राहते.

ह्या बारा जोड्यांच्या आधारे आता एका विवर्धकाची परीक्षा घेऊ. रोगी श्वास घेतो तशी ई.सी.जी.ची रेषा वरखाली तरंगते, आणि ही तरंगण्याची गती मंद असते. तिला आवर घालण्यासाठी रुग्णकक्षातील देखरेखीच्या यंत्रांत ०.५ हर्ट्झखालील घटक अडविणारी गाळणी पुष्कळदा बसविलेली असते. गाळणी साधी आहे असे समजू: एक धारित्र, एक रोधक, कालस्थिरांक ०.३२ सेकंद. आरेखकाने तिला १.२ हर्ट्झचा ज्यातरंग दिला. उत्तराची उंची मूळच्या ९२ टक्के आली. १० हर्ट्झला ती जवळजवळ शंभर टक्के आली. आठ टक्क्यांची तूट हृदयाच्या मूळ कंप्रतेला पडते, बाकी सर्व ठीक आहे, असा शेरा मारून हे मंडल पुढे पाठविले जाऊ शकते. १.२ हर्ट्झचा तरंग सुमारे २३ अंशांनी पुढे सरकला होता, ही गोष्ट त्या शेऱ्यात येत नाही.

त्याच गाळणीला आता ठोका देऊ. हिशेबाच्या सोयीसाठी क्यू व एस लाटा बाजूला ठेवून आर लाटेला ०.०८ सेकंद पायाचा व १ मिलिव्होल्ट उंचीचा त्रिकोण मानले, तर त्याचे क्षेत्रफळ ०.०४ मिलिव्होल्ट-सेकंद भरते. गाळणीतील धारित्र लाटेच्या काळात तेवढा भार साठविते आणि लाट संपताच तो उलट्या बाजूने दाखविते. ०.०४ ला ०.३२ ने भागून आणि मधल्या काळातील गळती वजा करून, आर लाटेनंतर रेषा सुमारे ०.११ मिलिव्होल्ट खाली बसते. ई.सी.जी.च्या कागदावर एक मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर. तेव्हा ही रेषा एक मिलिमीटरहून थोडी अधिक खचली. ती नेमकी एस-टी खंडात खचली. हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडत असल्याची खूण म्हणून डॉक्टर जे खचणे शोधत असतात, त्यात एक मिलिमीटरचे खचणे लक्षणीय मानले जाते. रोगी ठणठणीत आहे. खचले आहे ते धारित्र.

निदानाच्या यंत्रात हीच मर्यादा ०.०५ हर्ट्झवर ठेवतात, म्हणजे कालस्थिरांक ३.२ सेकंद होतो. त्रिकोण तोच राहिला तर खचणे ०.०१२ मिलिव्होल्ट येते, आणि ते रेषेच्या जाडीत लपून जाते. ई.सी.जी. यंत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनीही ज्यातरंगावर विसंबून न राहता स्पंदाची परीक्षा घातली आहे: ३ मिलिव्होल्ट उंचीचा आणि ०.१ सेकंद रुंदीचा स्पंद दिल्यावर त्यामागून रेषा ०.१ मिलिव्होल्टपेक्षा जास्त ढळू नये. ०.३ मिलिव्होल्ट-सेकंद ह्या क्षेत्रफळाला ३.२ ने भागून पाहावे. उत्तर ०.०९४ येते, आणि मानक लिहिणाऱ्यांनी हिशेब कोठून केला हे ध्यानात येते.

स्पंदाचा विषय निघाला आहे तर त्याच्या दोन खोड्या येथेच सांगाव्यात. स्पाइसमध्ये स्पंदाची रुंदी म्हणून जो आकडा देतात तो केवळ वरच्या सपाट भागाचा असतो. चढ आणि उतार त्यात धरलेले नसतात. एक सेकंदाच्या आवर्तनात दहा दहा मिलिसेकंदांचा चढउतार ठेवून रुंदी अर्धा सेकंद लिहिली, तर तरंग मध्यरेषेच्या वर ०.५१ सेकंद व खाली ०.४९ सेकंद राहतो. दुसरी खोडी अधिक कावेबाज. चढण्याचा काळ शून्य लिहिला तर बर्कलेच्या आवृत्त्या शून्य मानीत नाहीत. उत्तर छापण्यासाठी जी काळाची पायरी मागितली असेल तीच चढण्याचा काळ म्हणून घेतात. म्हणजे आलेख सुबक यावा म्हणून छपाईची पायरी बदलणाऱ्याने नकळत संकेतच बदललेला असतो. निसर्गात शून्य काळात काहीही चढत नाही, हे लक्षात ठेवून आकडा स्वतःच लिहावा.

३.२ सेकंदांच्या कालस्थिरांकामुळे आणखी एक प्रश्न निर्माण होतो. आरंभी धारित्र रिकामे असते, आणि आवर्ती संकेताच्या सरासरीशी त्याची तडजोड होईपर्यंत पाचएक कालस्थिरांक जावे लागतात. म्हणजे १६ सेकंद, सुमारे १९ ठोके. पहिल्या ठोक्याचे उत्तर पाहून मत देणारा अजून स्थिर न झालेल्या मंडलाविषयी मत देत असतो. पण काळ वाढविला की दुसरीकडून घात होतो. संगणक काळाची पायरी स्वतः लहानमोठी करतो. तिची कमाल लांबी सांगितली नसेल तर स्पाइसच्या दुसऱ्या आवृत्तीत ती एकूण काळाच्या पन्नासाव्या भागाइतकी होऊ शके. सोळा सेकंदांचा पन्नासावा भाग ०.३२ सेकंद. क्यू, आर, एस ह्या तिन्ही लाटा मिळून ०.०८ सेकंदात आटोपतात! तुकड्यातुकड्यांच्या रेषेचे कोपरे कार्यक्रम आधीच नोंदवून ठेवतो व त्यांच्यावर थांबतो, म्हणून तेथे आर लाट सुटत नाही. पण आरेखकाने ठोक्याचा गुळगुळीत आकार सूत्राच्या रूपाने लिहिला असेल, तर थांबण्याची अशी ठिकाणे कार्यक्रमाला ठाऊक नसतात. पी लाटेनंतरच्या सपाट भागात पायरी लांबते, पुढची पायरी थेट टी लाटेपाशी पडते, आणि हृदयाचा मुख्य ठोका मंडलापर्यंत पोहोचतच नाही. कमाल पायरी अर्धा मिलिसेकंद लिहून दिली की हा धोका टळतो.

येथपर्यंत ठोका स्वच्छ होता. त्वचेवरून येणारा ठोका कधीही इतका स्वच्छ नसतो. त्वचा आणि विद्युत् अग्र ह्यांच्या मध्ये स्वतःचा संरोध असतो; मानकांतील एका चाचणीत त्याच्याऐवजी ५१ किलोओहमचा रोधक व त्याला समांतर ४७ नॅनोफॅरडचे धारित्र लावतात, आणि त्याच चाचणीत ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर दाबही जोडतात, कारण धातू व त्वचा ह्यांच्या संपर्कातून तसा दाब निर्माण होतो. एक मिलिव्होल्टच्या ठोक्याखाली तीनशे मिलिव्होल्टचा ओटा! पहिल्याच पायरीत हजारपट विवर्धन करणारे मंडल आदर्श ठोक्यावर सुरेख चालते आणि ह्या ओट्यावर चढताच त्याला ३०० व्होल्ट बाहेर द्यावे लागतात; ते अर्थातच देता येत नाहीत आणि रेषा मर्यादेला टेकून बसते. संकेताबरोबर त्याचा देणारा हातही लिहिला नाही, तर हा दोष कागदावर कधीच दिसत नाही.

खोलीतील वीजही ह्यात डोकावते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. शिखर ३२५ व्होल्ट, हे पाठ्यपुस्तकातील चित्र. प्रत्यक्षात दूरदर्शन संच, संगणक, विद्युत् घटाचे भारक ही सर्व उपकरणे शिखराच्या आसपासच प्रवाह ओढतात, त्यामुळे शिखर चेपले जाते. तीन टक्के तिसरा हरात्मक, म्हणजे १५० हर्ट्झचा घटक, योग्य कलेत मिळविला तर शिखर ३१५ व्होल्टवर येते. म्हणून रोग्याच्या अंगावर येणाऱ्या गुणगुणीत ५० हर्ट्झबरोबर १५० आणि २५० हर्ट्झही असतात, आणि ५० हर्ट्झ गिळणारी खाचेची गाळणी त्यांना हातही लावीत नाही. शिवाय ५० हा आकडाही ठाम नाही. भारताच्या वीजजाल संहितेने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरविला आहे. पाच हर्ट्झ रुंदीची खाच ५० हर्ट्झला शून्य उत्तर देते, ४९.९० ला ती चार टक्के सोडून देते. सदृशीकरणात बरोबर ५० लिहिणाऱ्याला पहिलेच उत्तर दिसते.

ह्याच ठिकाणी आवर्तनांच्या गणितातील एक गंमत ध्यानात घ्यावी. सोयीसाठी ठोक्याचा काळ ०.८ सेकंद धरला, तर त्यात विजेची बरोबर ४० आवर्तने बसतात. प्रत्येक ठोक्यात गुणगुण त्याच जागी येते, आणि पाहणाऱ्याला ती हृदयाच्या आकाराचाच भाग वाटते. अनेक ठोक्यांची सरासरी घेऊनही ती जात नाही. ०.८३ सेकंद धरला की साडेएक्केचाळीस आवर्तने होतात, आणि गुणगुण एका ठोक्यात वर तर पुढच्यात खाली पडते. खऱ्या माणसात दोन ठोक्यांतील अंतर श्वासाबरोबर कमीजास्त होत असल्याने अशी जुळणी होतच नाही. ठोके मोजणाऱ्या मंडलाची परीक्षा घ्यावयाची असेल तर आठदहा निरनिराळ्या लांबीचे ठोके एकामागून एक लिहावेत आणि तो सर्व समूह फिरवावा.

इतका खटाटोप कशाला, खऱ्या माणसाचीच नोंद मंडलाला द्यावी, असे कोणी सुचवील, आणि ते आज सहज शक्य आहे. १९८० पासून उपलब्ध असलेल्या एम.आय.टी.-बी.आय.एच. ह्या प्रसिद्ध संग्रहात अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सेकंदाला ३६० नमुने ह्या प्रमाणात. त्यांतील आकडे तुकड्यातुकड्यांच्या रेषेत ओतले की झाले. परंतु ह्या नोंदी घेताना त्या ०.१ ते १०० हर्ट्झच्या गाळणीतून काढलेल्या आहेत. त्या आपल्या मंडलाला दिल्या तर आर लाटेनंतरचे थोडे खचणे संकेतातच आलेले असते आणि त्याची भर मंडलाच्या खचण्यात पडते; पाऱ्याच्या आळसाची जी अडचण आइन्थोव्हेन ह्यांना होती तीच येथे दुसऱ्या रूपाने उभी राहते. दुसरे असे, की त्या नोंदी अमेरिकेतील आहेत. त्यांत डोकावणारी वीज ६० हर्ट्झची आहे. भारतीय रुग्णालयासाठी बसविलेल्या ५० हर्ट्झच्या खाचेची त्यांवरून परीक्षा होऊ शकत नाही. ती गुणगुण वेगळी काढून, ४९.९० हर्ट्झची, तिसऱ्या व पाचव्या हरात्मकांसह, नव्याने मिळवावी लागते.

आणि नोंदीतून एकच ठोका कापून तो फिरवावयाचा असेल, तर सांधा तपासावा. श्वासामुळे रेषा तरंगत असल्याने ठोक्याच्या दोन टोकांचे दाब सहसा सारखे नसतात. फरक ०.०५ मिलिव्होल्ट असला तरी दर ०.८३ सेकंदाला तेवढी पायरी मंडलात शिरते. तो फरक शेवटच्या बिंदूतून एकदम काढू नये. सर्व बिंदूंवर काळाच्या प्रमाणात वाटून वजा करावा, म्हणजे दोन्ही टोके जुळतात आणि एस-टी खंडाचा उतार नाममात्रच बदलतो. कात्री चालवावयाची ती टी लाट संपल्यानंतरच्या विश्रांतीत, पी लाटेच्या पुरेशी आधी.